अवयव पाडून वर्गबहुपदीची शून्ये कशी शोधावीत

वर्गबहुपदी म्हणजे जिच्यात चलाचा (येथे क्ष चा) सर्वांत मोठा घात २ असतो अशी राशी. तिचे शून्य शोधणे म्हणजे चलाची अशी किंमत शोधणे, की जी घातल्यावर संपूर्ण राशीची किंमत शून्य होते. फ(क्ष) = क्ष² − ५क्ष + ६ या फलात (क्ष वर जिची किंमत अवलंबून आहे अशा राशीत) क्ष च्या जागी २ घातले, तर ४ − १० + ६ म्हणजे शून्य मिळते; म्हणून २ हे या फलाचे एक शून्य आहे. ३ घातल्यावर ९ − १५ + ६ म्हणजे पुन्हा शून्यच मिळते, म्हणून ३ हे दुसरे शून्य. ‘शून्य’ या शब्दामुळे येथे सुरुवातीलाच गोंधळ होतो. फलाचे शून्य ही ० ही संख्या असलीच पाहिजे असे नाही. शून्य होते ती फलाची किंमत, आणि ती ज्या क्ष मुळे होते त्या क्ष ला आपण फलाचे शून्य म्हणतो. फ(क्ष) = ० असे समीकरण लिहिले की याच किमतींना त्या वर्गसमीकरणाची मुळे किंवा उकली म्हणतात. नावे दोन असली तरी संख्या त्याच.

या किमती काढण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांपैकी अवयव पाडण्याची रीत शाळेत सर्वांत आधी शिकवली जाते, आणि बहुतेकांच्या मनात ती ‘योग्य संख्या सुचल्या तर जमते, नाहीतर नाही’ अशी बसते. हा समज मला फार नुकसानकारक वाटतो. या रीतीत सुचण्यावर सोडलेले जवळजवळ काहीच नाही. संख्यांचा शोध कोठून सुरू करायचा, कोठे थांबायचे आणि मुळात शोध घेण्यात अर्थ आहे की नाही, या तिन्ही प्रश्नांची निश्चित उत्तरे आहेत, आणि पुढे ती क्रमाने पाहू.

सगळ्याचा पाया: गुणाकार शून्य असेल तर

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांतील किमान एक संख्या शून्य असलीच पाहिजे. दिसायला हे विधान अगदी साधे आहे, पण संपूर्ण रीत यावरच उभी आहे. (क्ष − ३)(क्ष + ५) = ० असे दिले असेल, तर एकतर क्ष − ३ = ० किंवा क्ष + ५ = ०. पहिल्यावरून क्ष = ३, दुसऱ्यावरून क्ष = −५. एका वर्गसमीकरणाची दोन सोपी रेषीय समीकरणे झाली, आणि ती कोणीही सोडवू शकतो. सगळी पदे एका बाजूला आणून, उरलेल्या राशीकडे अवयवांचा गुणाकार म्हणून पाहण्याची पद्धत थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने पद्धतशीरपणे वापरली. त्याचे बीजगणितावरील लेखन त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये, प्रसिद्ध झाले.

हा गुणधर्म फक्त शून्याचा आहे, दुसऱ्या कोणत्याही संख्येचा नाही, हे मनावर पक्के ठसले पाहिजे. पुढील समीकरण पाहा:

(क्ष − १)(क्ष − ४) = १०

येथे डावी बाजू अवयवांच्या रूपात आधीच आहे, त्यामुळे क्ष − १ = १० आणि क्ष − ४ = १० असे लिहून ११ आणि १४ ही उत्तरे देण्याचा मोह होतो. पण ११ घालून पाहिले, तर १० × ७ म्हणजे ७० मिळतात. दोन संख्यांचा गुणाकार १० आहे एवढ्यावरून त्यांतील एकीविषयीही काही सांगता येत नाही: त्या २ आणि ५ असू शकतात, १ आणि १० असू शकतात, २० आणि १/२ असू शकतात, अशा जोड्यांना अंत नाही. म्हणून कंस सोडवून उजवी बाजू शून्य करावी लागते. क्ष² − ५क्ष + ४ = १०, म्हणजे क्ष² − ५क्ष − ६ = ०, म्हणजे (क्ष − ६)(क्ष + १) = ०. शून्ये ६ आणि −१. मूळ समीकरणात ६ घातले तर ५ × २ = १०, आणि −१ घातले तर (−२) × (−५) = १०. उजव्या बाजूला शून्य आणणे ही मांडणीची शिस्त नसून, त्याशिवाय पुढचे पाऊलच टाकता येत नाही.

अवयव पाडण्यापूर्वीची तयारी

चुकलेल्या उदाहरणांपैकी निम्मी या टप्प्यावरच चुकतात, म्हणून येथे थोडा वेळ द्यावा. समीकरण प्रथम सामान्य रूपात, म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० असे, लिहावे; त्यात अ शून्य नसावा. पदे घातांकांच्या उतरत्या क्रमाने मांडावीत. सहगुणकांत, म्हणजे अ, ब, क या संख्यांत, अपूर्णांक असतील, तर छेदांच्या लघुतम सामाईक विभाज्याने दोन्ही बाजूंना गुणावे. उदाहरणार्थ, क्ष²/२ − क्ष/६ − १/३ = ० हे समीकरण ६ ने गुणले की ३क्ष² − क्ष − २ = ० असे स्वच्छ होते. पहिल्या पदाचे चिन्ह उणे असेल, तर −१ ने गुणून ते अधिक करून घ्यावे. तीनही पदांची चिन्हे बदलली आहेत ना, हे मात्र बोट ठेवून पाहावे.

त्यानंतर सामाईक अवयव बाहेर काढावा. ५क्ष² − ४५क्ष + ९० = ० मध्ये ५ सामाईक आहे; तो काढला की ५(क्ष² − ९क्ष + १८) = ० मिळते आणि पुढचे काम लहान संख्यांवर होते. ५ हा कधीच शून्य होत नाही, म्हणून त्याच्यामुळे कोणतेही शून्य मिळत नाही आणि समीकरणात दोन्ही बाजूंना ५ ने भागून तो काढून टाकला तरी चालतो. मात्र प्रश्न फलाविषयी असेल, म्हणजे फ(क्ष) = ५क्ष² − ४५क्ष + ९० असे दिले असेल, तर तो ५ पुसून टाकू नये. शून्ये तीच राहतील, पण फल बदलेल. त्याचा आलेख वेगळा होईल.

सामाईक अवयव क्ष असेल तेव्हा सावधगिरी अधिक लागते. ४क्ष² = १४क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना २क्ष ने भागून २क्ष = ७ असे लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांना ७/२ हे बरोबर उत्तर मिळते, पण दुसरे उत्तर हातचे जाते. ज्या राशीची किंमत शून्य असू शकते तिने भागता येत नाही, आणि क्ष तर शून्य असू शकतो. म्हणून ४क्ष² − १४क्ष = ० असे लिहून २क्ष(२क्ष − ७) = ० असे अवयव पाडावेत; शून्ये ० आणि ७/२.

वर्गपदाचा सहगुणक १ असताना

(क्ष + म)(क्ष + न) हा गुणाकार केला तर क्ष² + (म + न)क्ष + मन मिळते. मधल्या पदाच्या सहगुणकात त्या दोन संख्यांची बेरीज बसली आहे आणि शेवटच्या पदात त्यांचा गुणाकार. त्यामुळे क्ष² + बक्ष + क चे अवयव पाडणे म्हणजे ज्यांची बेरीज ब आणि गुणाकार क आहे अशा दोन संख्या शोधणे.

शोध नेहमी गुणाकारापासून सुरू करावा. दिलेली बेरीज देणाऱ्या पूर्णांकांच्या जोड्या अनंत असतात, पण दिलेला गुणाकार देणाऱ्या जोड्या मोजक्याच असतात. आता क चे चिन्ह पाहावे. क धन असेल तर दोन्ही संख्या एकाच चिन्हाच्या, आणि ते चिन्ह ब चे. क ऋण असेल तर त्या भिन्न चिन्हांच्या, आणि त्यांतील मोठ्या आकड्याला ब चे चिन्ह. थोडक्यात, पहिल्या प्रसंगी आकड्यांची बेरीज ब च्या आकड्याइतकी हवी, दुसऱ्या प्रसंगी त्यांचा फरक.

क्ष² − २क्ष − ४८ हे उदाहरण सावकाश सोडवू. शेवटचे पद ऋण आहे, म्हणून भिन्न चिन्हांच्या आणि २ चा फरक असलेल्या संख्या हव्यात. ४८ च्या जोड्या १ पासून क्रमाने लिहू: १ आणि ४८, फरक ४७; २ आणि २४, फरक २२; ३ आणि १६, फरक १३; ४ आणि १२, फरक ८; ५ ने भाग जात नाही; ६ आणि ८, फरक २. हवी ती जोडी मिळाली. ती मिळाली नसती तरी येथे थांबायचेच होते, कारण ७ ने ४८ ला भाग जात नाही आणि ७ चा वर्ग ४९ होतो. त्यापुढे लहान-मोठ्याची अदलाबदल होऊन त्याच जोड्या पुन्हा येतात. शेवटच्या पदाच्या वर्गमुळापर्यंतच शोध घ्यायचा असतो. मोठ्या आकड्याला मधल्या पदाचे, म्हणजे उणे, चिन्ह: −८ आणि +६. म्हणून

क्ष² − २क्ष − ४८ = (क्ष − ८)(क्ष + ६)

आणि शून्ये ८ आणि −६. वह्या तपासताना सर्वाधिक वेळा दिसणारी चूक या शेवटच्या ओळीत असते. शोधलेल्या संख्या −८ आणि ६ होत्या, म्हणून विद्यार्थी त्याच उत्तर म्हणून लिहून टाकतात. त्या संख्या अवयव बनवण्यासाठी होत्या. शून्ये त्यांच्या विरुद्ध चिन्हांची असतात, कारण क्ष − ८ शून्य होण्यासाठी क्ष ला ८ व्हावे लागते. ‘क्ष − ८ = ० किंवा क्ष + ६ = ०’ ही ओळ वगळू नये. ती लिहिली की ही चूक होतच नाही.

निम्म्या बेरजेची रीत

शेवटचे पद मोठे असले की जोड्यांची यादी कंटाळवाणी होते. क्ष² − ४क्ष − २२१ घ्या. ज्यांची बेरीज −४ आहे अशा दोन संख्या हव्या आहेत. त्यांची सरासरी −२ आहे. म्हणजे एक संख्या −२ च्या जितकी पुढे, तितकीच दुसरी मागे. ते अंतर द मानले, तर संख्या −२ + द आणि −२ − द, आणि त्यांचा गुणाकार ४ − द². तो −२२१ हवा, म्हणून द² = २२५ आणि द = १५. संख्या १३ आणि −१७. अवयव (क्ष + १३)(क्ष − १७). शून्ये −१३ आणि १७. एकही जोडी चाचपडून पाहावी लागली नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनियातील मातीच्या पाट्यांवर दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार देऊन त्या संख्या शोधण्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांची उकल निम्म्या बेरजेपासूनच सुरू होते. इ.स. ६२८ मध्ये लिहिताना ब्रह्मगुप्ताने बेरीज आणि वजाबाकी यांवरून दोन संख्या काढण्याच्या क्रियेला ‘संक्रमण’ असे नाव दिले आहे. वरच्या उदाहरणातील शेवटची पायरी नेमकी तीच आहे.

वर्गपदाचा सहगुणक १ नसताना

आता ६क्ष² + क्ष − १२ घेऊ. येथे पहिल्या आणि शेवटच्या पदांच्या सहगुणकांचा गुणाकार करतात: ६ × (−१२) = −७२. गुणाकार −७२ आणि बेरीज मधल्या पदाचा सहगुणक, म्हणजे १, अशा संख्या शोधायच्या. चिन्हे भिन्न, फरक १. ७२ च्या जोड्या पाहत गेले की ८ आणि ९ मिळतात. मोठा आकडा धन, म्हणून +९ आणि −८. आता मधल्या पदाची फोड करू:

६क्ष² + ९क्ष − ८क्ष − १२
= ३क्ष(२क्ष + ३) − ४(२क्ष + ३)
= (२क्ष + ३)(३क्ष − ४)

२क्ष + ३ = ० वरून क्ष = −३/२, आणि ३क्ष − ४ = ० वरून क्ष = ४/३.

दुसऱ्या ओळीतील उणे चिन्हाकडे नीट पाहावे. −८क्ष − १२ मधून −४ बाहेर काढला की कंसात २क्ष + ३ राहते, २क्ष − ३ नव्हे. ऋण संख्या सामाईक काढताना आतल्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते. दोन कंस सारखे आले नाहीत, तर बहुतेक वेळा चूक येथेच असते. दोन्ही कंस तंतोतंत सारखे येणे हा या रीतीतच दडलेला ताळा आहे, म्हणून ते न आल्यास पुढे न जाता मागे वळावे. फोड करताना ९क्ष आधी लिहायचा की −८क्ष आधी, याची चिंता नको. ६क्ष² − ८क्ष + ९क्ष − १२ असे लिहिले तर २क्ष(३क्ष − ४) + ३(३क्ष − ४) मिळते आणि अवयव तेच येतात.

पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार का करायचा, हे पुष्कळदा सांगितले जात नाही, आणि मग ही पायरी निव्वळ पाठांतराची होऊन बसते. समजा अवयव (प·क्ष + त) आणि (र·क्ष + स) आहेत. गुणाकार केला तर वर्गपदाचा सहगुणक प·र, शेवटचे पद त·स, आणि मधल्या पदाचा सहगुणक प·स + र·त. म्हणजे मधले पद प·स आणि र·त या दोन तुकड्यांचे बनलेले आहे. या दोन तुकड्यांचा गुणाकार प·स·र·त, आणि पहिल्या व शेवटच्या सहगुणकांचा गुणाकारही प·र·त·स. तेच चार घटक, फक्त क्रम वेगळा. म्हणून ज्या दोन तुकड्यांत मधले पद फोडायचे, त्यांचा गुणाकार अ × क इतका असावाच लागतो.

फोड न करता काम करणारी आणखी एक वाट आहे. समीकरणाला ६ ने गुणले, तर ३६क्ष² + ६क्ष − ७२ = ० मिळते. ६क्ष ला य म्हटले की हे य² + य − ७२ = ० झाले, म्हणजे सहगुणक १ असलेले सोपे समीकरण. (य + ९)(य − ८) = ०, म्हणून य = −९ किंवा ८. परंतु य म्हणजे ६क्ष, म्हणून क्ष = −९/६ = −३/२ किंवा क्ष = ८/६ = ४/३. ‘शेवटी अ ने भागायचे’ अशी जी युक्ती सांगितली जाते, तिच्यामागचे कारण हे आहे. ती वापरायला हरकत नाही, पण भागायचे विसरले की उत्तर पूर्णपणे चुकते. म्हणून नवशिक्यांनी मधल्या पदाची फोड करण्याची रीतच आधी हातात बसवावी, असे माझे मत आहे.

ओळखीची रूपे

काही राशींना एवढा खटाटोप लागत नाही. ९क्ष² − ४९ हा दोन वर्गांचा फरक आहे, म्हणून (३क्ष − ७)(३क्ष + ७), आणि शून्ये ७/३ व −७/३. येथे क्ष² = ४९/९ करून वर्गमूळ घेणाऱ्याने ऋण वर्गमूळ विसरू नये; अवयव पाडले तर ते विसरणे शक्यच होत नाही. ४क्ष² − २०क्ष + २५ हा पूर्ण वर्ग आहे: पहिले पद २क्ष चा वर्ग, शेवटचे ५ चा वर्ग, मधले त्यांच्या गुणाकाराची दुप्पट. म्हणून (२क्ष − ५)², आणि ५/२ हे एकच शून्य दोनदा येते. क्ष² + ९ सारख्या वर्गांच्या बेरजेला मात्र वास्तव शून्ये नसतात, कारण क्ष² कधीच ऋण होत नाही आणि त्यात ९ मिळवल्यावर बेरीज किमान ९ राहते. तिचे अवयव (क्ष + ३)² असे लिहिणे ही चूक आहे; त्या वर्गात ६क्ष हे पद जास्त येते.

अवयव पडणारच नसतील तर

जोड्यांची संपूर्ण यादी तपासूनही संख्या मिळाल्या नाहीत, तर पूर्णांकी अवयव पडत नाहीत हे सिद्धच झाले. पण ही यादी करण्यापूर्वीही याचे उत्तर मिळते. ब² − ४अक या राशीला विवेचक म्हणतात. अ, ब, क पूर्णांक असताना विवेचक पूर्ण वर्ग असेल, तरच पूर्णांकी सहगुणकांचे रेषीय अवयव पडतात. ६क्ष² + क्ष − १२ साठी विवेचक १ + २८८ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग; म्हणून तेथे शोध घेण्यात अर्थ होता.

असे का, हे निम्म्या बेरजेच्या रीतीतूनच दिसते. बेरीज ब आणि गुणाकार अ × क असलेल्या संख्या ब/२ + द आणि ब/२ − द मानल्या, तर ब²/४ − द² = अक, म्हणून ४द² = ब² − ४अक. विवेचक म्हणजे त्या दोन संख्यांमधील अंतराचा, म्हणजे २द चा, वर्ग. दोन पूर्णांकांमधील अंतर पूर्णांकच असते, म्हणून त्याचा वर्ग पूर्ण वर्ग असावा लागतो. वरच्या उदाहरणात ९ आणि −८ यांतील अंतर १७ आहे, आणि विवेचक १७².

क्ष² + ६क्ष + ४ चा विवेचक ३६ − १६ = २० आहे. तो पूर्ण वर्ग नाही, म्हणून ४ च्या जोड्यांत हवी ती बेरीज मिळणार नाही, आणि खरोखरच १ + ४ = ५ व २ + २ = ४ यांपलीकडे काही हाती लागत नाही. परंतु यावरून ‘या फलाला शून्ये नाहीत’ असे लिहू नये. विवेचक धन आहे, म्हणून शून्ये आहेत. ती अपरिमेय आहेत, एवढेच. द² = ९ − ४ = ५, म्हणून शून्ये −३ + √५ आणि −३ − √५. याउलट क्ष² + २क्ष + ५ चा विवेचक ४ − २० = −१६ येतो, आणि ऋण विवेचक असताना वास्तव शून्ये नसतात.

शून्ये आणि आलेख

वर्गबहुपदीचा आलेख अन्वस्त, म्हणजे वाटीसारखा सममित वक्र, असतो, आणि फलाची वास्तव शून्ये म्हणजे तो आडव्या अक्षाला जेथे छेदतो तेथील क्ष च्या किमती. दोन वेगळी शून्ये असली की दोन छेदनबिंदू, एकच शून्य दोनदा आले की आलेख अक्षाला केवळ स्पर्श करतो, आणि वास्तव शून्ये नसली की तो अक्षाच्या पूर्णपणे वर किंवा खाली राहतो. अन्वस्त सममित असल्यामुळे त्याचा शिरोबिंदू, म्हणजे सर्वांत खालचा किंवा सर्वांत वरचा बिंदू, दोन शून्यांच्या बरोबर मध्यावर येतो. क्ष² − २क्ष − ४८ ची शून्ये ८ आणि −६, त्यांचा मध्य १, आणि तेथे फलाची किंमत १ − २ − ४८ = −४९. अवयव एकदा हाती आले की शिरोबिंदू असा तोंडी निघतो.

याचा उपयोग एका भौतिक उदाहरणात पाहू. २५ मीटर उंचीवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्व त्वरण ढोबळमानाने १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर ट सेकंदांनंतरची उंची मीटरमध्ये −५ट² + २०ट + २५ इतकी असते. चेंडू जमिनीवर कधी पडेल? उंची शून्य करायची:

−५(ट² − ४ट − ५) = ०
−५(ट − ५)(ट + १) = ०

शून्ये ५ आणि −१. चेंडू ट = ० या क्षणी हातातून सुटला, त्याआधीच्या काळाला हे सूत्र लागूच नाही; म्हणून −१ सोडून द्यायचे आणि उत्तर ५ सेकंद. तरीही ते −१ निरुपयोगी नाही. दोन शून्यांचा मध्य २ आहे, म्हणजे २ सेकंदांनी चेंडू सर्वांत उंच असतो, आणि ती उंची −२० + ४० + २५ = ४५ मीटर. शाब्दिक उदाहरणात एखादे शून्य नाकारायचे असेल, तर त्याचे कारण उत्तरपत्रिकेत एका वाक्यात लिहावे. ‘ऋण आहे म्हणून’ एवढे कारण पुरेसे नसते. ऋण किंमत त्या परिस्थितीत का बसत नाही हे सांगावे लागते.

ताळा

मिळालेले प्रत्येक शून्य मूळ समीकरणात घालून पाहावे. सामान्य रूपात आणल्यानंतरच्या समीकरणात घालून पाहिले, तर तयारीच्या टप्प्यावरची चूक पकडली जात नाही. शून्ये अपूर्णांकात असतील आणि ती घालून पाहणे लांबलचक होत असेल, तर दुसरा ताळा आहे: दोन शून्यांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ यायला हवा. ६क्ष² + क्ष − १२ साठी −३/२ + ४/३ = −१/६ आणि (−३/२) × (४/३) = −२; दोन्ही जुळतात.

सराव

सरावासाठी उदाहरणे बाहेर शोधण्याची गरज नाही; ती स्वतः तयार करता येतात. दोन शून्ये ठरवावीत, समजा ३/४ आणि −२. त्यांवरून (४क्ष − ३)(क्ष + २) लिहून गुणाकार केला की ४क्ष² + ५क्ष − ६ मिळते. अशी दहा समीकरणे एका कागदावर लिहून ठेवावीत आणि चार दिवसांनी, शून्ये विसरल्यावर, सोडवायला घ्यावीत. गुणाकार करताना मधले पद कसे बनते हे हाताखालून गेलेले असते, त्यामुळे फोड करण्याची दिशाही लवकर दिसू लागते.

पुढील पाच उदाहरणांत वर आलेल्या बहुतेक अडचणी आहेत:

१) क्ष² − १५क्ष + ५४ = ०
२) क्ष² + ५क्ष − ८४ = ०
३) १०क्ष² − १९क्ष + ६ = ०
४) ८क्ष² = १८क्ष + ५
५) क्ष(क्ष − ३) = २(क्ष − ३)

पहिल्याची शून्ये ६ आणि ९, दुसऱ्याची −१२ आणि ७. तिसऱ्यात गुणाकार ६० आणि बेरीज −१९ म्हणून −१५ व −४ असे तुकडे होतात, आणि शून्ये ३/२ व २/५ येतात. चौथ्यात सर्व पदे डावीकडे घेतल्यावर मधल्या पदाचे −२०क्ष आणि +२क्ष असे तुकडे होतात. ४क्ष(२क्ष − ५) नंतर उरलेल्या २क्ष − ५ मध्ये सामाईक काहीच दिसत नाही, तेव्हा तेथे १(२क्ष − ५) असे लिहावे, म्हणजे (२क्ष − ५)(४क्ष + १) हे अवयव मिळतात आणि शून्ये ५/२ व −१/४. पाचव्यात दोन्ही बाजूंचा क्ष − ३ खोडून टाकला तर केवळ २ हे उत्तर मिळते; तो न खोडता सगळे डावीकडे घेतले, तर (क्ष − ३)(क्ष − २) = ० होते आणि ३ हे दुसरे शून्यही हाती येते.